दोन काटे

पत्र नवापूर तालुक्यातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या, अंगणवाडी सेविका. नाव-गाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. आठ पानी पत्रातलं गरजेपुरतं इथे देते.

"प्रिय बाई, सलाम. माझे वडील चार महिन्यांपूर्वी वारले. जन्मभर प्यायले. मुकादमाकडून उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, घ्यायची आणि तोडीची वेळ आली की पळून जायचं, असं त्यांनी तीनदा केलं. तिन्ही वेळा आई मोठ्या भावाला घेऊन बारडोलीकडे ऊस तोडायला गेली आणि उचल फेडून आली. मी आजीजवळ राहायचे, शहाद्याकडे कापूस वेचायला जायचे, त्यावर शिकले. शेवटी त्यांचं लिव्हर गेलं. तीन महिने अंथरुणाला होते. तेवढ्यात पाळक साहेबांना बोलावून घेतलं, रडले, आईची माफी मागितली, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि प्याला) घेतलं. मातीच्या वेळी पाळक साहेब म्हणाले, 'आपला भाऊ कृपेने तारला गेला, तो प्रभूजवळ आहे.' सगळे आमेन म्हणाले. आईसुद्धा. मला म्हणता आलं नाही. मग आईने जन्मभर केलं त्याची किंमत काय? चांगलं वागायचं तरी कशाला? आमच्या मदतनीस ताई म्हणतात, 'आमच्यात जसं करावं तसं भरावं लागतं, तुमचं बरं आहे, शेवटी माफी मागितली की झालं.' मला उत्तर देता आलं नाही, कारण मलाही तेच वाटतंय. चार महिने प्रभुभोजन घेतलेलं नाही. ताट आलं की शेजारणीकडे देते. एवढा राग मनात ठेवून घेतलं तर दोष लागेल ना? शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा बोलावलं होतं. मी गेले नाही. तपासणी आहे असं सांगितलं."

ताई, सलाम.

तुमचं पत्र आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून पुन्हा वाचलं. तुमच्या रागाबद्दल आधी बोलते, कारण मातीच्या दिवशी त्याबद्दल कोणी बोललं नाही असं दिसतं. पाळक साहेब जे म्हणाले ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. ज्या घरात एका माणसाच्या दारूने दुसऱ्याची हाडं झिजली, त्या घराच्या अंगणात उभं राहून 'कृपा' हा शब्द उच्चारायचा असेल तर आधी झिजलेल्या हाडांचं नाव घ्यावं लागतं. वडिलांनी केलं ते पाप होतं, आणि ते पाप देवाबरोबरच तुमच्या आईविरुद्ध, भावाविरुद्ध आणि शाळेच्या वयात कापसात उभ्या राहिलेल्या तुमच्याविरुद्ध होतं. हे म्हटल्याशिवाय क्षमा म्हणायची तरी कशाला? जे झालंच नाही त्याची क्षमा करता येत नाही.

आता काट्याकडे वळू. कापूस वेचणाऱ्या बाईला काटा काय असतो हे सांगावं लागत नाही. संध्याकाळी लिंबाच्या फांदीला ताणकाटा लटकवलेला, एकेकीचं गाठोडं हुकाला अडकवायचं, मालक आकडा वाचणार, वहीत लिहिणार. जितके किलो तितके पैसे. ज्या दिवशी ताप होता त्या दिवशी गाठोडं हलकं, म्हणून मजुरीही हलकी. काट्याला ताप समजत नाही. लहानपणी रोज संध्याकाळी ज्याच्यासमोर उभं राहावं लागलं तो काटा माणसाच्या मनात कायमचा लटकून राहतो, आणि पुढे देवाच्या हातातही आपण तोच काटा देतो. वडिलांचं गाठोडं रिकामं, आईचं फुटेस्तोवर भरलेलं. मग दोघांना सारखी मजुरी कशी? त्या काट्याच्या हिशोबाने तुमचा प्रश्न अगदी बिनतोड आहे.

पण ताई, गेली कित्येक वर्षं दर महिन्याला तुम्ही आणखी एक काटा लटकवता. अंगणवाडीच्या आढ्याला. हुक तसाच, आकडेही तसेच. तुम्ही त्यात लेकरू बसवता, आणि ज्याचं वजन कमी भरतं त्याच्याकडे तुमचं लक्ष जास्त जातं. जे लेकरू 'सॅम'मध्ये निघतं, अतितीव्र कुपोषित, त्याला ग्राम बालविकास केंद्रात दिवसातून अनेकदा थोडं थोडं भरवता, घरी जाऊन आईला समजावता, रात्री त्याच्या काळजीने जाग्या राहता. त्या लेकराने काय कमावलं होतं? हा काटा हक्क मोजण्यासाठी टांगलेला नाही. भूक किती आहे ते पाहण्यासाठी टांगलेला आहे.

ख्रिस्ती माणूस 'कृपा' म्हणतो तेव्हा या दुसऱ्या काट्याबद्दल बोलत असतो. आपल्या भाषेत हा शब्द फार झिजला आहे. 'साहेबांची कृपा' म्हटलं की मागे काहीतरी देणंघेणं असतं. नव्या करारात मूळ ग्रीक शब्द 'खारिस' आहे. त्यात मर्जी आहे, देणगी आहे, आणि देणगी मिळाल्यावर तोंडून निघणारे आभारही त्याच शब्दात आहेत. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांना लिहिताना फरक अगदी रोखठोक सांगितला: काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती मेहेरबानी नव्हे, ते देणं असतं, कृपा ही मजुरी नव्हे. इफिसकरांना त्याने लिहिलं, की तुमचं तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालं, ते तुमच्या हातचं नाही, देवाचं दान आहे, म्हणजे कोणी आढ्यता बाळगू नये. ते पत्र मी शाळेत असल्यापासून पाठ म्हणत आले. त्यातला 'आढ्यता' शब्द मला फार उशिरा टोचला.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगते. पंचविशीत मी एका मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात शिकवत होते. उशाला एक वही असायची. किती अध्याय वाचले, किती उपास केले, किती आजाऱ्यांना भेटले, सगळं त्यात. महिनाअखेर बेरीज करायची. मग मला विषमज्वर झाला. तीन आठवडे प्रार्थनेचे शब्द सुचेनात, वही तशीच पडून. मी रडत होते, की या महिन्याचं पान कोरं राहणार. बोर्डिंगातली म्हातारी स्वयंपाकीण पेज घेऊन यायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं. ती अहिराणीत म्हणाली, "पोरी, तू नुसतं खाय. बाकीनं मी देखसू." त्या पेजेच्या वाटीत मला जे समजलं ते वहीत कधी समजलं नव्हतं.

मोठ्या माणसांनाही हे उशिराच समजलेलं आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. परत येऊन त्यांनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, विधवांना जवळ केलं. चांगल्या कर्मांची त्यांच्याइतकी मोठी यादी कोणाची असेल? तरी १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मला उमगलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढं करणारी बाई शेवटी रिकाम्या हातांनीच आली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, अंगणवाडीतलं लेकरू निर्दोष असतं. ते भुकेलं राहिलं यात त्याचा काय गुन्हा? माझ्या बापाने तर जाणूनबुजून केलं. बरोबर आहे. माझी उपमा इथे तोकडी पडते, आणि ती ओढूनताणून पुरवायची नाही. येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्याचंही तसंच आहे. मत्तयाच्या २० व्या अध्यायातला मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाच वाजता, आणि सगळ्यांना एकच दिनार देतो. पाचला नाक्यावर कोण उरतं ते आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे: म्हातारा, लंगडा, ज्याला कोणी घेत नाही तो. 'कोणी आम्हाला कामाला लावलं नाही,' असं ते सांगतात. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. मालकाने तास मोजले नाहीत, घरी चूल पेटायला किती लागतं ते पाहिलं. इथवर दाखला समजतो. पण तुमचे वडील काम मिळालं नाही म्हणून उभे नव्हते. उचल घेऊन पळालेले होते.

आणि तरीही सुवार्ता तिथेच जाते. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल म्हणतो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. सुधारल्यावर नव्हे, पात्र यादीत नाव आल्यावर नव्हे. तुम्ही शासनाच्या योजना राबवता, पात्र-अपात्र रोज पाहता. या एका ठिकाणी अपात्रांचीच यादी आहे, आणि तिच्यात पहिलं नाव लावायला पौल स्वतः पुढे येतो, कारण त्याने मंडळीचा छळ केला होता. हे ऐकून ज्याला राग येत नाही त्याने ते नीट ऐकलेलं नसतं, असं मला वाटतं. तुम्हाला राग आला, म्हणजे कृपा काय आहे ते तुम्ही आमेन म्हणणाऱ्या पुष्कळांपेक्षा नीट ऐकलंत.

पण एक गोष्ट तुम्ही अजून जोडून पाहिलेली नाही. कृपा फुकट असते ती घेणाऱ्याला. देणाऱ्याला कधीच नाही. वडिलांनी उचल घेतली आणि पळाले, तेव्हा मुकादमाने ती सोडून दिली का? कोणीतरी बारडोलीच्या उसात उभं राहून कोयता चालवला तेव्हा वहीतलं नाव खोडलं गेलं. ख्रिस्ती विश्वास वधस्तंभाबद्दल हेच सांगतो: देवाने पापाचा हिशोब 'चालतंय' म्हणून फाडला नाही, तो आपल्या अंगावर घेतला. हे घडलं ते पंतय पिलाताच्या वेळी, यरुशलेमेच्या वेशीबाहेर, खिळे ठोकून. म्हणून 'शेवटी माफी मागितली की झालं' हे बोलणं मला सहन होत नाही. माफी मागणाऱ्याचं काम थोडं असतं. ज्याच्याकडे मागितली जाते त्याला सगळं भरावं लागतं. कृपेची किंमत तुम्ही पुस्तकात शोधू नका. ती तुमच्या घरात आईच्या गुडघ्यांवर दिसते.

हे लिहिल्यावर लगेच दुसरं लिहायलाच हवं, कारण हे सदर इतर बायाही वाचतात. देवाने तुमच्या आईकडून ते मागितलं होतं असं मी म्हणत नाही. नवऱ्याचा मार खाणं, त्याची उचल फेडत राहणं म्हणजे कृपा नव्हे. ज्या घरात आज हे चालू आहे तिथल्या बाईने १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा, माहेरी जावं, पोलिसांत जावं. क्षमेचा विचार सुरक्षित छपराखाली बसून करता येतो. आणि पाळकांनी तिला 'सहन कर' सांगण्याआधी नवऱ्याला जाब विचारावा.

'चांगलं वागायचं कशाला?' हा तुमचा प्रश्न पौलालाही लोकांनी विचारला होता: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं काय? 'कधीच नाही,' एवढ्या ताडकन त्याने उत्तर दिलं. तुमच्याच केंद्रातलं बघा. वजन भरलेलं लेकरू अंगणभर पळतं. आधी पळून दाखव मग खायला देते, असं तुम्ही म्हणत नाही. पण खाऊनही ते महिनाभर निपचित पडून राहिलं तर तुम्हाला शंका येते, अन्न पोटात जातंय का? याकोब म्हणतो, कर्मांवाचून विश्वास निर्जीव, तो याच अर्थाने. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराकडे वेळ होता, त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला. येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराकडे वेळ नव्हता, हातही मोकळे नव्हते. त्याला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' एवढंच मिळालं, आणि ते पुरेसं होतं. तुमच्या वडिलांजवळ तीन महिने होते आणि उठायची ताकद नव्हती. त्यांचा पश्चात्ताप किती खोल होता ते मी मोजायला जात नाही. तुम्हीही जाऊ नका. तो काटा आपल्या हातात दिलेला नाही.

आपल्या मंडळ्यांत एक गैरसमज आहे, तो जाता जाता दूर करते. कॅथलिक लोक कर्मांनी तारण मिळतं असं मानतात, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तसं नाही. विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते हे फ्रान्समधल्या ऑरेंजच्या धर्मपरिषदेने ५२९ सालीच ठरवलं होतं, कॅथलिकांपासून वेगळी वाट धरणाऱ्या ल्यूथरच्या जवळजवळ हजार वर्षं आधी. १६ व्या शतकातलं भांडण खरं होतं, कृपा माणसात कसं काम करते यावर मतभेद आजही आहेत. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्ग इथे लुथेरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या कुठल्या गुणामुळे नव्हे. २००६ मध्ये मेथोडिस्टही त्यात सामील झाले.

मदतनीस ताईंना काय सांगाल? वाद घालू नका. त्यांच्याही घरात कोणी माळकरी असेल. पतितपावन म्हणून देवाला हाक मारणं वारकऱ्यांना परकं नाही. आपले नारायण वामन टिळक म्हणायचे, की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांना बारडोलीची गोष्ट सांगा. उचल कोणी घेतली आणि कोणी फेडली ते सांगा, आणि मग आपण वधस्तंभाबद्दल काय मानतो ते सांगा. पटेल किंवा नाही पटणार, पण आम्ही भरण्याशिवाय सुटतो असं समजत नाही, एवढं तरी त्यांना कळेल.

आता पत्राची शेवटची ओळ. सात पानं वडिलांची, आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, ते दोनदा बोलावणं. ताई, मला वाटतं झोप तुमची तिथे मोडते. वडिलांना एका काट्यावर टांगलंत, त्याच काट्यावर आता स्वतः चढून बसला आहात. ते सुटले हे तुम्हाला बघवत नाही, कारण मग 'मी न जाण्याचं काय' हा प्रश्न उरतो. तपासणीचं कारण खरं नव्हतं, असं मी समजते. तुम्ही गेला नाहीत ते समजण्यासारखं आहे. ते चुकलंही असेल. दोन्ही खरं असू शकतं, आणि दोन्हीसाठी ज्या दारात जायचं ते दार एकच आहे, ज्यातून तुमचे वडील आत गेले. तिथे त्यांना वेगळी, स्वस्तातली रांग नव्हती.

लूकच्या १५ व्या अध्यायातला मोठा मुलगा आठवा. धाकटा परत आला, वाजंत्री वाजू लागली, आणि थोरला शेतातून येऊन अंगणाबाहेर थांबला. बापाला म्हणाला, 'इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीत.' घरचा वारस, आणि बोलतो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरवलेल्या सालदारासारखं. बाप त्याला रागावला नाही. घरातली पंगत सोडून बाहेर आला, त्याची विनवणी करत राहिला. धाकट्यासाठी तो जसा धावत गेला तसाच थोरल्यासाठीही बाहेर आला. थोरला आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलं नाही. चार महिने तुम्ही बाहेर उभ्या आहात. तुम्ही तिथे एकट्या आहात असं समजू नका.

प्रभुभोजनाचं. 'अयोग्य प्रकारे' खाऊ नका असं पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं, ते कशावरून? तिथे सधन लोक आधी येऊन खाऊन घेत आणि गरिबांना उपाशी ठेवत, म्हणून. त्या गरिबांचा अपमान करत खाणं म्हणजे अयोग्य प्रकारे खाणं. मन स्वच्छ, शांत झालेल्यांनीच यावं असा त्याचा अर्थ घेतला तर कोणीच येऊ शकणार नाही, आणि तारण कृपेऐवजी मनःशांतीने व्हायला लागेल. राग घेऊन या. स्तोत्रकर्ते देवापुढे याहून कडक बोलले आहेत. 'आधी भावाशी समेट कर' हे वचन आडवं येत असेल, तर समेट करायचा तो माणूस आता राहिलेला नाही. त्याच्याशी बोलायचं ते देवाजवळ बोला, मोठ्याने, शेतात जाऊन, मावचीत. वडिलांशी ज्या भाषेत भांडलात त्याच भाषेत. वाटलं तर पाळक साहेबांनाही सांगा, की मातीच्या दिवशी तुमचे शब्द मला लागले. चांगले पाळक असतील तर ऐकून घेतील.

तुमच्याकडे प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी शेजारणीजवळ बसू नका, आईजवळ बसा. ताट आलं की घाईने काही प्रार्थना जुळवायला जाऊ नका. हात पुढे करा, आणि खा. आणि आईला त्या गुडघ्यांसाठी दवाखान्यात नेलंत का, ते पुढच्या पत्रात मला जरूर कळवा.

तुमची,
बाई